आधीं आंकडा, मग अंगठा

बैल बाजारांत नेला, तर कासरा गिऱ्हाइकाच्या हातीं देण्यापूर्वीं शेतकरी किंमत ठरवून घेतो. लोहाराकडे फाळ टाकला, तर भट्टी पेटण्यापूर्वीं मजुरी बोलली जाते. शिंप्याकडे बंडी शिवायला दिली, तर कापडाला कात्री लागण्यापूर्वीं शिलाई किती तें कळतें. सुतार, गवंडी, चांभार, कोणीही असो, काम आधीं आणि किंमत मागून असा व्यवहार आमच्या खेड्यांत कोणी करीत नाहीं. केला तर चार लोक त्याला वेड्यांत काढतात. मात्र एक दुकान असें आहे कीं, तेथें माल कोणता घेतला तें घेणाऱ्यास ठाऊक नसतें, किंमत किती तें ठाऊक नसतें, आणि माल परत करण्याची सोय तर नसतेच. त्या दुकानाचें नांव खाजगी दवाखाना.

समजा, घरांतल्या कर्त्या पुरुषाच्या पोटांत रात्रीं अकरा वाजतां कळ उठली. जीप करून त्याला तालुक्याला नेलें. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, आतांच ऑपरेशन करावें लागेल. वीस हजार भरा आणि येथें सही करा. बायको सही करते, म्हातारा बाप अंगठा देतो. कागद इंग्रजी, आणि त्यांतल्या निम्म्या जागा कोऱ्या. कोणी कांहीं विचारीत नाहीं; कारण माणूस टेबलावर निजलेला असतांना भाव कोण करील ? पांचव्या दिवशीं घरीं जाण्याची वेळ येते, तेव्हां हातांत बिल पडतें : पंच्याहत्तर हजार. खाटेचें भाडें निराळें, डॉक्टर दारांतून डोकावले त्याची भेट निराळी, नर्सबाईंचा आकार निराळा, हातमोजे निराळे, ऑक्सिजन निराळा. आणि भूल देणारे डॉक्टर तर बाहेरगांवचे, त्यांचे पैसे रोख आणि पावतीवांचून. आधीं भरलेले वीस हजार हें नुसतें दार उघडण्याचें भाडें होतें. मग भाऊ गांवीं परततो. दावणीची म्हैस सुटते, नाहीं तर सोसायटीच्या हप्त्याचे पैसे मोडतात, नाहीं तर अर्धा एकर रान गहाण पडतें. रोगी बरा होतो, आणि घर आजारी पडतें.

आम्ही समजा म्हणून सांगितलें, तरी वाचणारांपैकीं पुष्कळांना ही आपल्याच घरची गोष्ट वाटेल. सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीनें २०१७-१८ सालीं देशभर या खर्चाचा हिशेब घेतला. बाळंतपणें वगळून, खेड्यांतला माणूस सरकारी इस्पितळांत दाखल झाला तर त्याला एका खेपेस सरासरी ४,२९० रुपये खर्च आला; खाजगींत दाखल झाला तर २७,३४७ रुपये. सहापटीहून अधिक हा फरक आहे. सगळा फरक लबाडीचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. सरकारी इस्पितळाचा बराच खर्च सरकार भरतें. खाजगी डॉक्टराला जागा, यंत्र, नोकर सर्व स्वतः पाहावें लागतें. पण आमचें गाऱ्हाणें महागाईचें नाहींच. महाग वस्तु परवडली तर घेऊं, नाहीं तर दुसरें दार पाहूं. आमचें गाऱ्हाणें न सांगतां लादलेल्या किंमतीचें आहे.

ही रीत आमच्या वाडवडिलांच्या चांगली ओळखीची होती. दीडशें वर्षांपूर्वीं दख्खनच्या कुणब्यापुढें सावकार असाच कागद धरीत असे. कागदावर काय लिहिलें तें त्याला वाचतां येत नव्हतें. अंगठा मात्र त्याचा होता. मुद्दल किती, व्याज किती, मागें भरलेलें वजा झालें कीं नाहीं, हें त्याला कळे तें कोर्टाचा हुकूमनामा दारीं आल्यावर. अखेर १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतल्या सुपें गांवीं शेतकरी उठले, आणि पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत तें लोण पसरलें. त्यांनीं सावकारांपाशीं मागितलें काय ? सोनें-नाणें नव्हे. खतें मागितलीं, दस्तऐवज मागितले, आणि हातीं आले ते जाळले. पुढें सरकारनें चौकशी नेमली व १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. त्यांत असें ठरलें कीं, कोर्टानें खतांतल्या आंकड्यावर विसंबूं नये, व्यवहार मुळापासून तपासावा. शेतकऱ्याचें खत गांवच्या रजिस्ट्रारापुढें व्हावें. भरलेल्या पैशाची पावती व वर्षाचा हिशेब सावकारानें द्यावा. त्या कायद्यांत उणिवा पुष्कळ होत्या. परंतु परक्या सरकारलाही एवढें उमगलें कीं, अंगठा घेणारा शहाणा आणि देणारा अडलेला असेल, तर त्या अंगठ्याला संमति म्हणतां येत नाहीं.

मग आज स्वतःच्या राज्यांत, ऑपरेशनच्या दारांत घेतलेल्या सहीला संमति कसें म्हणावें ?

कायदा मुळींच नाहीं असें नव्हे. खाजगी दवाखान्यांची नोंद करण्याचा कायदा आपल्या राज्यांत १९४९ सालापासून आहे. त्याला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम म्हणतात. त्याखालचे नियम सरकारनें जानेवारी २०२१ मध्यें सुधारले. त्या नियमांप्रमाणें प्रत्येक खाजगी इस्पितळानें रुग्णांच्या हक्कांची सनद लोकांना दिसेल अशी लावली पाहिजे. शिवाय पंधरा बाबींचे दर लावले पाहिजेत : दाखल होण्याची फी, खाटेचें व अतिदक्षता विभागाचें रोजचें भाडें, डॉक्टरांच्या एका भेटीची फी, भूल देणाराची फी, ऑपरेशनच्या खोलीचें भाडें, नर्सचा आकार, ऑक्सिजन, सलाईन वगैरे. माणूस दगावला तर पैशासाठीं त्याचें प्रेत अडवितां येत नाहीं. तक्रार ऐकण्यासाठीं देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यानें कक्ष उघडावा व फुकट फोन करण्याचा नंबर ठेवावा, असाही नियम आहे. हा अधिकारी म्हणजे महापालिकेच्या हद्दींत तिचा आरोग्य अधिकारी, आणि बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी.

वाचकहो, तुम्ही आजवर ज्या दवाखान्यांत गेलां, तेथें हा फलक पाहिला काय ? गणपतीची तसबीर पाहिली असेल, डॉक्टरसाहेबांच्या पदव्यांची पाटी पाहिली असेल, पैसे भरल्याशिवाय रोग्यास सोडलें जाणार नाहीं अशी धमकीवजा सूचनाही पाहिली असेल. दरांचा फलक असलाच तर इंग्रजींत, कुंडीच्या आड. आणि विचारतो कोण ? अधिकारी तपासणीला येत नाहीं, रोगी भीतीनें बोलत नाहीं, आणि डॉक्टर म्हणतात कोणी विचारलेंच नाहीं.

बरें, फलक लागला म्हणून सर्व झालें असेंही नाहीं. डॉक्टरांच्या एका भेटीला हजार रुपये, हें फलक सांगेल. दिवसांत भेटी किती, तें फलक सांगत नाहीं. खाटेचें भाडें कळेल. खाटेवर किती दिवस ठेवणार तें कळणार नाहीं. शिवाय दर किती असावा याला नियमांत कांहीं मर्यादा नाहीं. जो मनांत येईल तो लिहा, मात्र लिहा, एवढेंच कायदा सांगतो. म्हणजे भाव दारावर आणि तराजू माजघरांत ! अशा दुकानांत शेराचा भाव वाचून गिऱ्हाइकाला काय कळणार ?

आतां रोग्याला अडकवून ठेवण्याविषयीं. बिल पुरें भरलें नाहीं म्हणून बऱ्या झालेल्या माणसाला घरीं जाऊं न देणें, बाळंतिणीला तिच्या मुलासह बसवून ठेवणें, हे प्रकार सर्वांच्या कानांवर आहेत. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं साफ सांगितलें कीं, बिलासाठीं रोग्याला अडकवून ठेवणें बेकायदेशीर आहे. पैसे येणें असतील तर डॉक्टरांनीं दिवाणी कोर्टांत जावें, जसा दुसरा कोणीही धनको जातो. माणूस हें तारण नव्हे. शेतकऱ्याचें जनावर कोंडवाड्यांत घालतात, तसा शेतकरी स्वतः कोंडवाड्यांत घालण्याचा अधिकार कोणत्याही पदवीनें मिळत नाहीं.

जीवावरचें दुखणें असेल तेव्हां तर कायदा आणखी स्पष्ट आहे. १९८९ सालीं परमानंद कटारा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, जखमी माणसाला वांचविणें हें सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टराचें पहिलें कर्तव्य आहे. पोलिसांचे सोपस्कार मागून. १९९६ सालचा निकाल तर आमच्यासारख्याच एका माणसाचा आहे. हकीम शेख हे पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या समितीचे सभासद. १९९२ च्या जुलैंत ते आगगाडींतून पडले, डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी इस्पितळांनीं त्यांना परत पाठविलें : कोठें खाट नाहीं, कोठें सोय नाहीं. शेवटीं खाजगी इस्पितळांत जाऊन सुमारें सतरा हजार रुपये भरावे लागले. शेतमजुरांची समिति गप्प बसली नाहीं. ती दिल्लीपर्यंत गेली. न्यायालयानें सांगितलें कीं, वेळेवर उपचार मिळणें हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, पैसा नाहीं ही सबब सरकारला सांगतां येत नाहीं. आणि पंचवीस हजार रुपये भरपाई देवविली. एकटा हकीम शेख रडत बसला असता तर हा निकाल झाला नसता. संघटना होती म्हणून झाला.

यानंतर आमच्या मनाला सर्वांत लागणारी गोष्ट. सरकारची गोरगरिबांसाठीं जी उपचारांची योजना आहे, तिला नांव दिलें आहे महात्मा जोतीराव फुले यांचें. २०१२ सालीं ती दुसऱ्या नांवानें आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि २०१७ सालापासून ती जोतीरावांच्या नांवानें चालते. २०२३ सालीं सरकारनें ठरविलें कीं, ती राज्यांतील सर्व कुटुंबांना लागू करावी व कुटुंबामागें वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार द्यावा. योजनेंत बसणाऱ्या आजारासाठीं योजनेंतल्या इस्पितळानें रोग्याकडून एक पैसा घ्यावयाचा नसतो. तपासणी, ऑपरेशन, औषध, जेवण, सर्व त्यांत धरलेलें असतें. आणि तरी आमचे लोक काय सांगतात ? "योजनेंतून होईल, पण वरचे तीस हजार रोख द्या." "योजनेचें औषध हलकें, चांगलें पाहिजे तर बाहेरून आणा." ज्या जोतीरावांनीं अडाणी कुणब्याला नाडणारी प्रत्येक युक्ति उघडी केली, त्यांच्याच तसबिरीखालीं बसून त्यांच्या कुणब्याला नाडायचें ! पुण्याला १८९७ सालीं प्लेग आला, तेव्हां जोतीरावांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव यांनीं शहराबाहेर रोग्यांसाठीं दवाखाना उघडला, आणि सावित्रीबाई रोग्यांची सेवा करतां करतां त्याच प्लेगनें १० मार्च रोजीं गेल्या. ज्या घरानें रोग्यासाठीं प्राण दिला, त्या घराचें नांव घेऊन रोग्यापासून 'वरचे' घेणाराला लाज कशी वाटत नाहीं ?

धर्मादाय इस्पितळांची कथा निराळी नाहीं. धर्मादाय ट्रस्ट म्हणून नोंद झाली कीं करांत सूट मिळते. पुष्कळांना सरकारी जमीन नाममात्र भाड्यानें मिळालेली आहे. ही सूट व ही जमीन तुमची-आमची आहे. तिच्या बदल्यांत, मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं घालून दिलेल्या योजनेप्रमाणें, अशा इस्पितळानें शेंकडा १० खाटा निर्धनांसाठीं फुकट आणि शेंकडा १० खाटा दुर्बल घटकांसाठीं सवलतीनें ठेवावयाच्या आहेत, व बिलांच्या वसुलींतले शेंकडा २ रुपये गरिबांच्या निधींत टाकावयाचे आहेत. २०२५ सालीं निर्धन म्हणजे वर्षाचें उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, आणि दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत, अशी मर्यादा होती. बहुतेक शेतकरी-कारागीर घरें या दोहोंपैकीं एकींत बसतात. पण दारावरचा कारकून हें आपण होऊन कधीं सांगतो काय ? तो सांगतो, अनामत भरा. देवस्थानाचा पुजारी जसा फुकटचें दर्शन मागच्या दारीं लपवून ठेवतो, तशी ही वीस टक्क्यांची खाट लपवून ठेवलेली आहे.

येथें एक कडू गोष्ट बोलल्याशिवाय लेख पुरा व्हायचा नाहीं. आमच्या चळवळीनें पन्नास-साठ वर्षें भिक्षुकशाहीवर कोरडे ओढले. जन्मापासून मरणापर्यंत, पोथी उघडून, यजमानाला न कळणाऱ्या भाषेंत, हिशेब न देतां दक्षिणा घेणारा तो भिक्षुक, असें आम्ही सांगत आलों. आज इस्पितळांत बसलेला पुष्कळ ठिकाणीं आमचाच मुलगा आहे. शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत बोर्डिंगें काढलीं, भाऊरावांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, रयतेनें पसा-पसा धान्य जमवून वसतिगृहें चालविलीं. त्या भाकरीवर वाढलेल्या घरांतून डॉक्टर झाले. ते झाले याचा आम्हांला अभिमान आहे. पण तेही न कळणाऱ्या भाषेंत कागद करून, हिशेब न देतां, जन्मापासून मरणापर्यंत दक्षिणा घेऊं लागले, तर त्यांना भिक्षुक न म्हणावें तर काय म्हणावें ? जात बदलली म्हणून रीत पवित्र होत नाहीं. आम्ही लढलों तें गादीवर दुसरा बसविण्यासाठीं नव्हे, गादीच मोडण्यासाठीं.

डॉक्टर मंडळींची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, पोट उघडल्याशिवाय आंत काय तें कळत नाहीं, मग आधीं आंकडा कसा सांगावा ? योजनेचे पैसे सरकार वेळेवर देत नाहीं, मग आम्हीं कोठून भागवावें ? दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. विहीर खणणाऱ्यालाही खडक कोठें लागेल तें ठाऊक नसतें. पण तो आधीं सांगतो, मऊ लागला तर एवढे, खडक लागला तर एवढे. आणि खडक लागला कीं वर येऊन मालकाला दाखवितो. डॉक्टरांनीं तेवढेंच करावें. राहिली सरकारच्या उशिराची गोष्ट. त्यासाठीं सरकारशीं भांडा, आम्ही तुमच्या बरोबर येऊं. सरकारची थकबाकी रोग्याच्या बायकोच्या गळ्यांतून वसूल करण्याचा हक्क मात्र तुम्हांला नाहीं.

आणि आंकडा बांधतां येत नाहीं, बिल तपासतां येत नाहीं, असें तर कोणीं सांगूंच नये. करोनाच्या सांथींत आपल्याच सरकारनें तें करून दाखविलें. मे २०२० मध्यें खाजगी इस्पितळांतल्या शेंकडा ८० खाटांचे दर बांधले : साध्या खाटेचे रोजचे ४,०००, अतिदक्षता विभागाचे ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. जून २०२१ मध्यें शहरांचे तीन वर्ग करून लहान गांवांसाठीं हेच दर २,४००, ४,५०० व ५,४०० केले. बिलें तपासायला हिशेबतपासनीस बसविले, आणि ठिकठिकाणीं जादा घेतलेले पैसे परत द्यावे लागले. आभाळ कोसळलें नाहीं. सांथ गेली, तपासनीस उठून गेले, आणि पहिली रीत परत आली. सांथींत जें न्यायाचें होतें, तें एरवीं अन्यायाचें कसें झालें ?

दुसरीकडे काय चाललें आहे तेंही पाहा. पश्चिम बंगालनें २०१७ सालीं कायदा करून खाजगी इस्पितळांवर स्वतंत्र आयोग नेमला. तो रोग्याची तक्रार ऐकतो व भरपाई देववितो. राजस्थाननें २०२३ सालीं आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. जीवावरच्या प्रसंगीं आगाऊ पैसे न मागतां उपचार करावा, आणि रोग्याला देणें न झाल्यास खर्च सरकारनें द्यावा, असें त्यांत आहे. अमेरिकेसारख्या धनवान देशांतही हा रोग होता. तेथें लोक विमा उतरवितात, पण विमा कंपनीच्या करारांत इस्पितळ असलें तरी भूल देणारा डॉक्टर नसे; मागून त्याचें निराळें बिल घरीं येई. न्यूयॉर्क संस्थानानें २०१४ सालीं कायदा केला कीं, ज्या डॉक्टराची निवड रोग्यानें केलीच नाहीं, त्याच्या जादा बिलांतून रोग्याला मोकळें करावें. भांडण डॉक्टर व कंपनी यांनीं त्रयस्थ पंचापुढें तोडावें. त्याच तत्त्वाचा कायदा १ जानेवारी २०२२ पासून त्या सबंध देशाला लागू झाला. आमच्या तालुक्यांतला पावती न देणारा भूलतज्ज्ञ आणि न्यूयॉर्कचा भूलतज्ज्ञ, दोघांची युक्ति एकच. मग औषध येथेंच कां नसावें ?

म्हणून आमचें सरकारपाशीं मागणें असें. पहिलें, दाखल करतांना किंवा रोग्याचा जीव सांवरल्यावर लगेच, खर्चाचा लेखी अंदाज मराठींत द्यावा, आणि तो ठराविक प्रमाणाबाहेर वाढणार असेल तर पुन्हां सांगून पुन्हां सही घ्यावी. दुसरें, बाहेरून बोलाविलेल्या डॉक्टरांचे पैसे इस्पितळाच्याच बिलांत यावेत. रोख व निराळें कांहीं नको. तिसरें, प्रत्येक तालुक्याला बिल तपासणारा नेमावा, आणि वादाची रक्कम तपासून होईपर्यंत ती भरण्याची सक्ति नसावी. चौथें, नेहमींच्या उपचारांचे दर गांवांचे वर्ग पाहून बांधावेत. यांत नवें कांहीं नाहीं. १८७९ सालीं सावकाराला जें लावलें, आणि २०२० सालीं सांथींत जें केलें, तेंच कायम करा.

सरकार जागें होईपर्यंत आपण काय करावें ? दवाखान्यांत जातांना रेशन कार्ड व आधार कार्ड बरोबर घ्या. दारांतच विचारा : हें इस्पितळ फुले योजनेंत आहे काय ? धर्मादाय आहे काय ? योजनेची चौकशी व तक्रार १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या नंबरांवर फुकट करतां येते. दरांचा फलक दाखवा म्हणा. कोऱ्या जागांच्या कागदावर सही करूं नका; रेघ मारा, मग सही करा. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या, आणि निघतांना बाबवार बिल मागा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानें २०१८ सालीं तयार केलेल्या सनदेंत बाबवार बिल हा रोग्याचा हक्क सांगितला आहे, आणि औषध कोठल्या दुकानांतून घ्यावें हें रोग्यानेंच ठरवावें असेंही म्हटलें आहे. पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्याखालीं येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं ठरविलें आहे. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगांत अर्जाला फी पडत नाहीं.

पण ज्याचें माणूस आंत पडलें आहे त्याला एवढें सुचत नाहीं, हें आम्ही जाणतों. म्हणून प्रत्येक गांवानें दोन लिहिते-वाचते जण, त्यांत एक बाई, नेमून ठेवावे. कोणाच्याही घरचा माणूस इस्पितळांत गेला कीं त्यांतला एक जण बरोबर जाईल. तो रडणार नाहीं, तो लिहील. लग्नाला मदतीला जातों, मयताला खांदा द्यायला जातों, तसें बिलाच्या वेळींही जाऊं या. चार माणसें हिशेब मागत उभीं राहिलीं म्हणजे बिलांतली पुष्कळशी सूज आपोआप उतरते.

सुप्याच्या शेतकऱ्यांना खतें जाळावीं लागलीं, कारण त्यांना हिशेब मागण्याचा कायदाच नव्हता. आमच्यापाशीं अर्धा कायदा आहे. तो वापरला तर उरलेला अर्धा मिळवितां येईल. न वापरला तर आहे तोही भिंतीवरच्या कुंडीआड वाळून जाईल. तेव्हां पोरांना पाढ्यांबरोबर एवढें शिकवा, आणि स्वतःही गांठीला मारून ठेवा : आधीं आंकडा, मग अंगठा.